वहिनींची वही

"साठी बुद्धि नाठी" अशी आपल्याकडे एक म्हण आहे. थट्टेंत ती सहज वापरली जाते, व ज्याच्यावर ती वापरली जाते तो वृद्धही बहुधा हंसून सोडून देतो. परंतु या म्हणीनें आपल्या घरोघरीं केवढें नुकसान केलें आहे याचा विचार फारसा कोणी केलेला दिसत नाहीं. म्हातारपणीं बुद्धि जावयाचीच असें एकदां गृहीत धरलें कीं, घरांतील वडील माणूस चुकूं लागतांच आपण त्यास 'म्हातारचळ' असें नांव देऊन मोकळे होतों. मग हा रोग आहे कीं काय, त्याचा प्रकार कोणता, त्यावर कांहीं उपाय आहे कीं नाहीं, हे प्रश्न मनांत येतच नाहींत. आणि याच्या उलट, तोच माणूस दुसऱ्या दिवशीं अगदीं पूर्वींसारखा बोलूं लागला म्हणजे 'काल सोंग केलें असेल' किंवा 'घरचीं माणसें तिखटमीठ लावून सांगतात' असें म्हणावयासही आपण कमी करीत नाहीं. हा दुसरा अपराध माझ्या हातून घडला आहे. तो कसा घडला, आणि त्याची भरपाई करतां करतां मला काय शिकावयास मिळालें, तें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस व भगिनींस उपयोगी पडेल असें वाटून हा लेख लिहीत आहें.

माझें माहेर सडक अर्जुनीचें. गोंदिया जिल्ह्यांत अर्जुनी नांवाचीं दोन तालुक्यांचीं गांवें आहेत. एक अर्जुनी मोरगांव व दुसरें हें, नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचें. १९९९ सालीं भंडाऱ्यांतून गोंदिया जिल्हा वेगळा झाला; त्यापूर्वीं आमचा पत्ता भंडारा जिल्ह्याचा होता, व नाना अजूनही पुष्कळदां तोच सांगतात. भोंवतालीं धानाच्या बांध्या, गांवोगांवीं तलाव आणि बोड्या, व थोडें दूर नवेगांवबांधचें जंगल. नाना येथील एका शाळेंत संस्कृत आणि गणित शिकवीत. दर हिंवाळ्यांत मुलांना ते नवेगांवच्या तलावावर पाहुणीं बदकें दाखवावयास नेत. त्यांना निवृत्त होऊन बावीस वर्षें झालीं. आई गेल्यापासून घराचा सर्व भार दादा-वहिनींवर आहे. मी लग्न होऊन नागपुरास असतें.

दोन वर्षांपूर्वींच्या पावसाळ्यापासून वहिनींचे टेलिफोन येऊं लागले. नाना रात्रीं उठून बसतात. पायथ्याशीं लहान मुलें बसलीं आहेत असें म्हणतात व त्यांना कांहीं खावयास द्या म्हणून हट्ट धरतात. एकदां तर मध्यरात्रीं दार उघडून ओसरीवर गेले. मला ओळखीत नाहींत, असें त्या सांगत. दादा दिवसभर साकोलीस नोकरीवर, त्याला विचारावें तर तो म्हणे, "सकाळीं माझ्याशीं तर नीट बोलले." नागपुरास बसून मला वाटे कीं, वहिनी थकल्या आहेत, आणि थकलेल्या माणसाला राईचा पर्वत दिसतो.

त्या वर्षीं भाऊबिजेस मी गेलें. मोटारींतून उतरतांच नाना ओसरीवरून म्हणाले, "आलीस? सासूबाईंचा गुडघा कसा आहे?" सासूबाईंच्या गुडघ्याविषयीं मीं त्यांना तीन महिन्यांपूर्वीं एकदांच सांगितलें होतें. दुपारीं त्यांनीं माझ्या भाच्याकडून संस्कृत शब्द म्हणवून घेतले, व चतुर्थीचें एक रूप चुकलें तें पडल्या-पडल्या सुधारलें. मला मोठा आनंद झाला, आणि त्या आनंदाच्या भरांत स्वयंपाकघरांत जाऊन मी वहिनींस बोलून गेलें, "नाना तर चांगले ठणठणीत आहेत. म्हाताऱ्या माणसाविषयीं चार लोकांत भलतें सांगूं नये हो, वहिनी." वहिनी पोळ्या लाटीत होत्या. त्यांनीं वर पाहिलें नाहीं. "बरें, वन्सं," एवढेंच म्हणाल्या.

तिसऱ्या रात्रीं दोनच्या सुमारास मला जाग आली. नाना खाटेवर बसून कोणाशीं तरी हळू आवाजांत बोलत होते. मीं दिवा लावला. त्यांनीं माझ्याकडे पाहिलें, पण त्या पाहण्यांत ओळख नव्हती. अत्यंत सभ्यपणें ते म्हणाले, "बाई, आपण कोणाकडे आलां आहांत? घरांतील मंडळी निजली आहेत. पण या पोरांना कांहीं तरी द्या. सहलीची गाडी चुकली, सकाळपासून उपाशीं आहेत." मला रडूं आवरेना. मला रडतांना पाहून ते अधिकच घाबरले व उठावयास गेले, तों त्यांचा तोल गेला. इतक्यांत वहिनी आल्या. त्यांनीं वाद घातला नाहीं, "तेथें कोणी नाहीं" असेंही म्हटलें नाहीं. "सर, मुलांचें मी बघतें, तुम्ही निजा," असें म्हणून त्यांनीं डोळ्यांवर येणारा मोठा दिवा मालवला, कोपऱ्यांतला लहान दिवा लावला, नानांना पाणी पाजलें आणि पांघरूण घातलें. सकाळीं सात वाजतां चहा घेतां घेतां नाना मला म्हणाले, "काय ग, झोंप लागली नाहीं कां? डोळे सुजले आहेत तुझे."

मीं वहिनींची क्षमा मागितली. त्या कांहीं बोलल्या नाहींत. फडताळांतून एक शाळकरी वही काढून त्यांनीं माझ्या हातीं दिली. तींत चार महिन्यांचा हिशेब होता. दिवस, वेळ, नाना काय बोलले, कोणास ओळखलें, किती झोंपले, किती पाणी प्याले, शौचास झालें कीं नाहीं, नवें औषध कोणतें दिलें, असें सर्व बारीक अक्षरांत लिहिलेलें. "हें कशासाठीं?" असें मीं विचारलें. त्या म्हणाल्या, "जो येतो त्याला नाना चांगले दिसतात. वेड नानांना लागलें आहे कीं मला, हें माझें मलाच कळावें म्हणून लिहूं लागलें." या वाक्यानें मला जितकें लागलें तितकें आजवर कोणाच्या रागावण्यानेंही लागलेलें नाहीं.

यानंतर आमच्याकडून एक चूक झाली. रात्रींचा त्रास थांबावा म्हणून एका डॉक्टरांकडून आम्हीं भास कमी करण्याची गोळी आणली. भास कमी झाले, परंतु चार दिवसांत नानांचें सर्व अंग लाकडासारखें ताठ झालें. घांस गिळतां येईना, कुशीवर वळतां येईना. तेव्हां त्यांना नागपुरास मज्जासंस्थेच्या तज्ज्ञांकडे नेलें. गंमत अशी कीं, तेथें पोंचेपर्यंत नाना शुद्धीवर आले होते! डॉक्टरांनीं विचारलेला वार, महिना, प्रधानमंत्र्यांचें नांव त्यांनीं बरोबर सांगितलें. शंभरांतून सात-सात वजा करण्यांत तर त्यांना कोण हरविणार? घड्याळाचें चित्र काढतांना मात्र आंकडे एका बाजूस गर्दी करून बसले. त्या परीक्षेवरच सारें अवलंबून असतें तर आम्ही हात हलवीत परत आलों असतों. परंतु डॉक्टरांनीं वहिनींची वही मागून घेतली व ती पंधरा मिनिटें शांतपणें वाचली. मग त्यांनीं दोनच प्रश्न विचारले. "हे झोंपेंत हातपाय झाडतात काय?" आणि, "चालतांना पाऊल घासतात काय?" पहिल्या प्रश्नासरशीं मला आईची आठवण झाली. दहा-बारा वर्षांपूर्वींपासून ती थट्टेनें म्हणे कीं, "हे शाळेंतल्या पोरांना झोंपेंतसुद्धां झोडपतात." ज्यास आम्ही थट्टा समजत होतों ती रोगाची पहिली चाहूल होती.

या रोगाचा इतिहास थोडक्यांत सांगण्यासारखा आहे. बर्लिनमध्यें जन्मलेले डॉ. फ्रिडरिख ल्यूई यांना कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूंत कांहीं सूक्ष्म गोल कण आढळले. त्यांचें वर्णन त्यांनीं १९१२ सालीं प्रसिद्ध केलें. त्यापूर्वीं सहा वर्षें, १९०६ च्या नोव्हेंबरांत, डॉ. आलोईस आल्झायमर यांनीं ऑगस्टे नांवाच्या स्त्रीची हकीकत जर्मनींतील ट्यूबिंगेन येथें वैद्यांच्या सभेपुढें मांडली होती. ही स्त्री १९०१ मध्यें, वयाच्या अवघ्या ५१ व्या वर्षीं फ्रँकफुर्टच्या इस्पितळांत आली होती. आल्झायमर यांचें नांव पुढें जगभर झालें, व स्मृतिभ्रंश म्हणजे त्यांचाच रोग अशी समजूत होऊन बसली. ल्यूई यांचे कण केवळ कंपवातापुरते नसून, मेंदूच्या वरच्या थरांत पसरले म्हणजे ते बुद्धीवरही आघात करतात, हें जपानांतील डॉ. केंजी कोसाका यांनीं १९७६ पासून दाखवून दिलें. या कणांत अल्फा-सिन्यूक्लीन नांवाचें एक प्रथिन सांचलेलें असतें, हें १९९७ मध्यें कळलें. आज या रोगाच्या चार मुख्य खुणा मानतात: शुद्धीची भरती-ओहोटी, डोळ्यांपुढें स्पष्ट माणसें वा प्राणी दिसणें, स्वप्नांत हातपाय झाडणें, आणि कंपवातासारखा ताठरपणा व मंदपणा. नानांच्या ठिकाणीं चारही होत्या. भास थांबविणारीं कित्येक औषधें, विशेषतः हॅलोपेरिडॉलसारखीं, या रोगांत अत्यंत घातक ठरतात, प्रसंगीं प्राणावरही बेततें. म्हणूनच त्या गोळीनें तो अनर्थ झाला. ज्यांच्या घरीं असा रुग्ण असेल त्यांनीं ही एवढी एक गोष्ट तरी विसरूं नये, व नव्या डॉक्टरांस ती आरंभींच सांगावी.

आतां शुद्ध अशी येते-जाते कां? डॉक्टरांनीं वहिनींस समजेल अशा भाषेंत सांगितलें कीं, एखाद्या खोलींत सामान जागच्या जागीं असावें, पण दिव्याची वात कोणी तरी वर-खालीं करीत असावें, तसें हें आहे. वात मोठी झाली म्हणजे सर्व दिसतें. बारीक झाली म्हणजे माणूस स्वतःच्याच घरांत चांचपडतो. मेंदूंत ॲसिटिलकोलीन नांवाचें एक द्रव्य आहे. जागेपणा व अवधान हीं बऱ्याच अंशीं त्यावर अवलंबून असतात, आणि या रोगांत तें लवकर व फार कमी होतें. त्यामुळें साध्या विस्मृतीपेक्षां येथें अवधानच डळमळतें. कधीं मिनिटांत, कधीं तासांत, कधीं दिवसांच्या अंतरानें. हें द्रव्य टिकवून धरणारीं डोनेपेझिल व रिव्हास्टिग्मिन हीं औषधें या रोगांत कित्येकांना चांगलीं लागू पडतात. तीं रोग बरा करीत नाहींत, परंतु वात थोडी वर ठेवतात. नानांना त्यांचा निश्चित उपयोग झाला.

याच स्पष्टीकरणानें माझ्या भाऊबिजेच्या अपराधाचाही उलगडा झाला. पाहुणा आला, आवडती मुलगी आली, म्हणजे मनास उभारी येते व माणूस असेल तेवढी शक्ति एकवटून तासभर पूर्वींसारखा वागतो. नंतर तो थकून पडतो, आणि त्या थकव्याचें माप घरच्या सुनेच्या पदरांत पडतें. मी त्या दुपारीं आनंदांत होतें, पण त्यानंतर नाना सलग चार तास निजले हें माझ्या ध्यानांतही आलें नव्हतें. वहींत मात्र तें लिहिलेलें होतें. अमेरिकेंतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनीं २००४ सालीं घरच्यांस विचारावयाचे चार प्रश्न सुचविले आहेत: रात्रीं पुरेशी झोंप होऊनही दिवसा पेंग येते काय? दिवसा दोन तासांहून अधिक निजतात काय? बराच वेळ शून्यांत पाहत बसतात काय? बोलण्याची संगति मधूनमधून तुटते काय? यांपैकीं तिहींचें उत्तर 'होय' आलें तर ही भरती-ओहोटी साध्या वार्धक्याची नव्हे, व बहुधा आल्झायमरचीही नव्हे, असें त्यांना आढळलें. आल्झायमरच्या रुग्णांतही संध्याकाळीं गोंधळ व अस्वस्थता वाढते, परंतु एवढे चढउतार सहसा नसतात.

हा रोग कांहीं एखाद्याच घरचा नाहीं. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार भारतांत साठ वर्षांवरील माणसांपैकीं सुमारें ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लक्ष वृद्ध, कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या स्मृतिभ्रंशानें पीडित आहेत. मात्र प्रत्येक विसराळूपण म्हणजे असा असाध्य रोगच, असेंही समजूं नये. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव शाकाहारी घरांतून पुष्कळ आढळते व तिनेंही बुद्धि मंद होते. थायरॉईड ग्रंथीचें मांद्य, पडल्यामुळें डोक्यांत हळूहळू सांचलेलें रक्त, खोल उदासीनता हींही तशींच कारणें आहेत, व त्यांवर उपाय आहेत. म्हणून रक्ताची तपासणी व मेंदूचें चित्र काढल्यावांचून 'म्हातारचळ' हा शब्द उच्चारूं नये.

गेल्या वर्षींच्या वैशाखांत आणखी एक धडा मिळाला. नाना दोन दिवस अगदींच बेताल झाले. कधीं बरळत, कधीं हांक मारली तरी डोळे उघडीत नसत. दादा म्हणाला, "वाईट दिवस चालले आहेत, येईल शुद्ध." आम्हां सर्वांना भरती-ओहोटीची एवढी संवय झाली होती कीं, ही ओहोटी निराळी आहे हें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. आलें तें वहिनींच्या. त्यांनीं वही उघडून दाखविली: पूर्वींचा प्रत्येक वाईट काळ एका दिवसाच्या आंत ओसरला होता, हा ओसरला नव्हता, पाणी निम्म्यावर आलें होतें आणि लघवी जवळजवळ बंद होती. विदर्भांतील वैशाखाची काहिली वाचकांस ठाऊकच आहे. त्याच दुपारीं नानांना गोंदियास नेलें. मूत्रमार्गांत जंतुदोष झाला होता व अंगांतील पाणी आटलें होतें. उपचार सुरू झाल्यावर आठवड्याभरांत नाना बव्हंशीं पूर्ववत् झाले. आपले जुने लोक याला 'वात झाला' म्हणत, व तो प्राणघातक समजत. तें खरें आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत कांहीं तासांत वा एक-दोन दिवसांत मोठा बदल झाला तर तो रोगाचाच भाग म्हणून सोडूं नये. ताप, जंतुदोष, पाण्याची उणीव, मलावरोध, कोठें तरी दुखणें, अथवा नवें औषध यांपैकीं कांहीं तरी त्यामागें असतें. सर्दीच्या व खाजेच्या साध्या गोळ्या, तसेंच झोंपेच्या गोळ्या, हींसुद्धां अशा मेंदूस मानवत नाहींत.

आतां ज्या विषयावर घरोघरीं दबक्या आवाजांत बोलतात त्याकडे येतें. रोग कळल्यानंतरच्या आश्विनांत एके सकाळीं नाना दादाला म्हणाले, "हें घर मीं माझ्या भविष्यनिर्वाह निधींतून बांधलें आहे. तें माझ्या पश्चात् सूनबाईच्या नांवें व्हावें. कागद कर." दादानें मला टेलिफोन केला. खरें सांगावयाचें तर माझ्या मनांत पहिला विचार वहिनींच्या कष्टांचा आला नाहीं. 'ज्या सुनेला रात्रीं ओळखीत नाहींत तिला घर देतात, मग ही इच्छा त्यांची म्हणावयाची कीं आणखी कोणाची?' असा आला. तो मनांत आला याची मला लाज वाटते. पण असा विचार प्रत्येक घरांत कोणाच्या तरी मनांत येतो, आणि न बोलतां राहिल्यानें तो विष होऊन बसतो, म्हणून येथें लिहिला आहे. मीं तो दादाजवळ बोलून दाखविला. तो रागावला नाहीं. "आपण वकिलांस विचारूं," म्हणाला.

वकिलांनीं सांगितलेलें ऐकून मला आश्चर्य वाटलें. शुद्धीची ही ये-जा आपल्या कायद्यानें फार पूर्वींच ओळखली आहे. १८७२ च्या करार कायद्याचें १२ वें कलम म्हणतें कीं, जो एरवीं शुद्धीवर नसतो पण मधूनमधून असतो, त्यास शुद्धीच्या काळांत करार करतां येतो. आणि जो एरवीं शुद्धीवर असतो पण मधूनमधून नसतो, त्यास तेवढ्या काळांत करतां येत नाहीं. तापांत बरळणाऱ्या माणसाचें उदाहरणही तेथें दिलें आहे. १९२५ च्या वारसा कायद्याच्या ५९ व्या कलमांत मृत्युपत्राविषयीं हेंच तत्त्व आहे. म्हणजे रोगाचें नांव पडलें एवढ्यानें माणसाचा हक्क बुडत नाहीं; त्या घटकेस आपण काय करीत आहों हें त्यास समजतें कीं नाहीं, एवढाच प्रश्न. मात्र ज्यास लाभ व्हावयाचा त्यानेंच पुढाकार घेतला असेल तर न्यायालय संशयानें पाहतें, आणि तो संशय दूर करण्याचा भार त्याच्यावरच पडतो. सर्वोच्च न्यायालयानें १९५८ सालच्या व्यंकटाचल अय्यंगार यांच्या खटल्यांत हें विस्तारानें सांगितलें आहे.

म्हणून आम्हीं असें ठरविलें: वहिनींनीं व दादानें खोलींत असूं नये, मींही नसावें. वकिलांनीं तीन वेगवेगळ्या दिवशीं, नाना टवटवीत असतात त्या सकाळच्या वेळीं येऊन, 'घर सूनबाईस द्यावयाचें ना?' असें न विचारतां, 'आपलें काय काय आहे, आपलीं माणसें कोण, आणि कोणास काय द्यावें असें वाटतें?' असें मोकळें विचारावें. पहिल्या दोन वेळीं नानांनीं एकच उत्तर दिलें. मुलीचें नांव त्यांनीं स्वतः घेतलें, व तिला आईचे दागिने पूर्वींच दिले आहेत असें सांगितलें. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं वकिलांना शाळातपासणीस समजून हजेरीपट मागविला. वकील तसेच परत गेले. "आज नको" हें म्हणण्याचें धैर्य ज्या वकिलाजवळ असतें तोच अशा कामीं घ्यावा. पुढें पंधरा दिवसांनीं नानांनीं तेंच उत्तर तिसऱ्यांदा दिलें. त्या सकाळीं डॉक्टरांनीं तपासून तसा दाखला लिहिला, व ज्यांस कांहीं मिळावयाचें नाहीं अशा दोन साक्षींसमोर सही झाली. माझ्या मनांतील कांटा त्या दिवशीं निघाला. तो निघाला तो मी फार उदार झालें म्हणून नव्हे, तर सर्व उजेडांत झालें म्हणून.

रोजच्या वागण्यासंबंधीं वहिनींकडून जें शिकलें तें थोडक्यांत देतें. भास झाला तर वाद घालूं नये, व आपणांसही दिसतें असें खोटेंही सांगूं नये. भीति वाटत असेल ती तेवढी घालवावी. स्नान, डॉक्टर, हिशेब हीं कामें त्यांच्या चांगल्या वेळीं उरकावीं. वाईट वेळीं केवळ सोबत करावी. 'मी कोण, ओळखा पाहूं' ही परीक्षा कोणींही घेऊं नये. रात्रीं वाटेंतील पाट-तांबे उचलून ठेवावे, कारण या रोगांत पडण्याचें भय मोठें. खिशांत नांव-पत्त्याची चिठ्ठी असावी. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या २०१३ च्या चित्रपटांत डॉ. मोहन आगाशे यांनीं उभे केलेले वृद्ध संस्कृत पंडित हत्तीमागोमाग कसे निघून जातात, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस याचें कारण सांगावयास नको. आणि चांगला दिवस उगवला म्हणजे 'आतां उतार पडला' अशी आशा धरूं नये. अगदीं शेवटच्या अवस्थेंतही कांहीं रुग्ण मृत्यूपूर्वीं थोडा वेळ स्वच्छ शुद्धीवर येतात. जर्मनीचे मिखाएल नाहम यांनीं २००९ सालीं त्यास स्वतंत्र नांव दिलें. चांगला दिवस हा उताराचा पुरावा नव्हे. तो त्या दिवसापुरता आपला, व तो तसाच घ्यावा.

सर्वांत महत्त्वाचें, जी शुश्रूषा करते तिच्या शब्दावर विश्वास ठेवा. आतां महिन्यांतून सहा दिवस मी अर्जुनीस जाऊन राहतें व वहिनी त्यांच्या माहेरीं जातात. ज्यांना असें कोणी नसेल त्यांनीं ज्येष्ठांसाठीं असलेल्या १४५६७ या, किंवा मनःस्वास्थ्यासाठीं असलेल्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर बोलण्यास संकोचूं नये.

यंदाच्या माघांत मी गेलें असतां वहिनींनीं मला ती वही पुन्हां दाखविली. आतां ती पांचवी वही आहे. आदल्या दिवशीं त्या विसरून ती ओसरीवर ठेवून गेल्या, आणि नानांचा तो दिवस चांगला होता. नानांनीं वही अथपासून इतिपर्यंत वाचली होती. स्वतःच्याच रात्रीं त्यांत वाचतांना त्यांना काय वाटलें असेल, याची मला कल्पना करवत नाहीं. तांबड्या पेन्सिलीनें त्यांनीं वहिनींचे ऱ्हस्वदीर्घ सुधारले होते. 'शौचास' वरील चुकीचा अनुस्वार खोडला होता. आणि शेवटच्या पानावर, थरथरत्या परंतु ओळखूं येणाऱ्या अक्षरांत, लिहिलें होतें कीं, ज्या दिवशीं मी सूनबाईस ओळखीत नाहीं त्या दिवशींचें माझें बोलणें तिनें माझें समजूं नये. खालीं सही व तारीख होती. तारीख दोन वर्षें मागची पडली होती. वहिनींनीं ती तेवढी तशीच राहूं दिली आहे.